पाहुणा यंत्राच्या घरी

दिवाळी म्हटली की पाहुणे आलेच. पाहुणचाराचे आपल्याकडचे नियम कोठे छापलेले नसले तरी सर्वांना पाठ असतात. यजमानाने आग्रह करावा, पाहुण्याने 'पुरे, पुरे' म्हणत आणखी एक करंजी उचलावी, आणि चौथ्या दिवशी आपण होऊनच परतीच्या गाडीची चौकशी करावी. कोण कोणाला वाढतो आहे याबद्दल कोणाच्याही मनात संशय नसतो.

परदेशात मात्र गेल्या काही वर्षांत पाहुणचाराचा एक नवाच प्रकार रूढ झाला आहे. त्यात पाहुणा म्हणजे एखादा चित्रकार, एखादी गायिका किंवा शिल्पकार. यजमान म्हणजे एखादी प्रयोगशाळा, संग्रहालय, नाहीतर चांगली गब्बर कंपनी. आणि त्या घरात तिसरेही एक जण असते. ते जेवत नाही, झोपत नाही, दमत नाही. परंतु पाहुण्याने पिशवीतून काय आणले आहे, याकडे त्याचे बारीक लक्ष असते. हे तिसरे जण म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र. या मुक्कामाला तिकडे 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' म्हणतात. कलाशाळांतून शिकून बाहेर पडणारी आपली मुलेमुलीही अशा ठिकाणी अर्ज करतात. तेव्हा हा पाहुणचार आहे तरी कसा, आणि त्यात खरोखर कोण कोणाला वाढतो, हे या दिवाळीत जरा निवांतपणे पाहावे असे आम्हांला वाटले.

रेसिडेन्सी म्हणजे नोकरी नव्हे, आणि पदवीचा अभ्यासक्रमही नव्हे. कलावंताला काही आठवडे किंवा काही महिने राहायला जागा द्यायची, काम करायला खोली द्यायची, जमल्यास निर्वाहापुरते पैसे द्यायचे, आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे मोकळा वेळ द्यायचा, ही तिची रीत. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर संस्थानातील पीटरबरो गावी मॅकडॉवेल नावाची अशी एक वसाहत १९०७ सालापासून चालू आहे. रानात विखुरलेल्या लहान लहान झोपड्या, प्रत्येकीत एक लेखक, चित्रकार किंवा संगीतकार. दुपारचे जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवून जायचे, म्हणजे आत काम करणाऱ्याची तंद्री मोडू नये, अशी तेथील प्रसिद्ध चाल. आपल्याकडच्या गृहिणींना हा प्रकार काही नवा वाटू नये. अभ्यास करणाऱ्या मुलाच्या टेबलावर आवाज न करता दुधाचा पेला ठेवून जाणे त्यांना चांगले ठाऊक आहे.

परंतु सगळेच यजमान इतके निरपेक्ष नसत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या काळात, १६६६ साली, रोममध्ये फ्रेंच अकादमी स्थापन झाली. निवडक तरुण चित्रकार व शिल्पकार यांना सरकारी खर्चाने तेथे ठेवायचे आणि प्राचीन कलाकृतींचा अभ्यास करू द्यायचा, अशी योजना. योजना उत्तम, पण त्याबरोबर प्राचीन मूर्तींच्या प्रतिकृती घडवून राजाच्या बागा व वाडे यांसाठी पाठवण्याचे कामही या तरुणांकडे असे. म्हणजे राजाने जेवू घातले खरे, पण ताटाखाली हिशेबाची वहीही ठेवलेली होती. यात लाजण्यासारखे काही नाही. हिशेब असावा; फक्त तो पाहुण्याला आधी दाखवलेला असावा, एवढेच.

आपल्याकडे गवयाच्या घरी राहून, पाणी भरून, तंबोरा लावून विद्या मिळवणारे शिष्य होऊन गेले. तीही एक रेसिडेन्सीच म्हणायची. त्यात एक गोष्ट मात्र पक्की असे. गुरूने गंडा बांधल्याशिवाय विद्या सुरू होत नसे. देणाऱ्याने 'देतो' म्हटले पाहिजे, घेणाऱ्याने 'घेतो' म्हटले पाहिजे, आणि चार माणसांनी ते पाहिले पाहिजे. हा गंडा वाचकांनी जरा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता यंत्राकडे वळू. कलावंत आणि गणकयंत्र यांची गाठ काल-परवा पडली, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती गाठ साठ वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेत न्यू जर्सी संस्थानात बेल लॅबोरेटरीज नावाची विख्यात प्रयोगशाळा आहे. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला तो येथेच. तेथील मायकेल नोल नावाच्या संशोधकाने १९६४ साली एक गमतीदार प्रयोग केला. पीट मोंद्रियान या डच चित्रकाराचे १९१७ सालचे एक चित्र आहे. त्यात फक्त लहान लहान आडव्या-उभ्या रेषा आहेत. नोलने गणकयंत्राकडून तशाच धाटणीचे दुसरे चित्र काढवून घेतले. मग दोन्हींच्या प्रती १०० जणांपुढे ठेवल्या आणि विचारले, यांतले यंत्राचे कोणते, आणि तुम्हांला आवडले कोणते? यंत्राचे चित्र बरोबर ओळखणारे निघाले अवघे २८. आणि यंत्राचेच चित्र अधिक आवडले असे सांगणारे ५९!

ही बातमी आज छापली तरी ताजी वाटेल. पण तिच्यात एक मख्खी आहे. नोलच्या यंत्राने मोंद्रियानचे चित्र आपल्या मनाने पाहिले नव्हते. रेषा किती, त्यांची लांबी कोणत्या मर्यादेत, त्या कडेला किती आखूड व्हाव्यात, हे सगळे एका माणसाने त्या चित्राकडे टक लावून पाहून ठरवले होते आणि यंत्राला सांगितले होते. मोंद्रियानने जेथे मनाने ठरवले, तेथे यंत्राने आकडे हवे तसे उधळले. लोकांना उधळण आवडली. तेवढ्यावरून मोंद्रियान हरला असे होत नाही.

याच बेल लॅबोरेटरीजमध्ये लिलियन श्वार्ट्झ नावाची चित्रकर्ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि पुढची कित्येक वर्षे तेथे पाहुणी म्हणूनच काम करीत राहिली. केन नोल्टन या संशोधकाच्या जोडीने तिने गणकयंत्रावर चित्रपट केले. त्यांतला 'पिक्सिलेशन' १९७० सालचा. २०२४ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, ती वारली. चौथ्या दिवशी गाडीची चौकशी करण्याचा आपला नियम तिने पाळला नाही, हे कलेचे भाग्यच म्हणायचे.

पण या सगळ्या पाहुण्यांत आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो हॅरॉल्ड कोहेन. जन्म लंडनचा, १९२८ सालचा. १९६६ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात ब्रिटनच्या वतीने ज्यांची चित्रे लागली त्यांत हा एक. नाव झाले होते, पैसा मिळत होता. अशा वेळी, १९६८ साली, तो कॅलिफोर्नियात शिकवायला गेला आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर गणकयंत्राची भाषा शिकू लागला. पुढे १९७१ ते १९७३ या काळात तो स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत पाहुणा होता. शास्त्रज्ञांच्या घरात एकटा चित्रकार. तेथून पुढे वाढला तो त्याचा 'ॲरन' हा कार्यक्रम. १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात या ॲरनच्या हुकमाने चालणारे कासवासारखे एक छोटे यंत्र जमिनीवर पसरलेल्या कागदावर रेषा काढीत फिरत असे, आणि लोक भोवती उभे राहून पाहत असत.

ॲरनला कोहेनने कोणाचीही चित्रे दाखवली नाहीत. त्याने त्याला नियम शिकवले. बंद आकृती म्हणजे काय, एक वस्तू दुसरीच्या मागे गेली तर तिची रेषा कोठे थांबावी, माणसाचा कोपर किती वाकतो, झाडाला फांदी कोठून फुटते. पुष्कळ वर्षे रेषा यंत्राच्या असत आणि रंग कोहेन हाताने भरी. १९९५ साली बॉस्टनच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये ॲरनने यंत्राच्या हातांनी स्वतःच रंगही भरून दाखवले. मरणानंतरही नव्या चित्रांचे प्रदर्शन भरवणारा पहिला चित्रकार आपणच, असे कोहेन थट्टेने म्हणत असे. २०१६ साली तो गेला. २०२४ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ॲरनचे प्रदर्शन भरले. जवळजवळ चाळीस-पंचेचाळीस वर्षे एका माणसाने एका यंत्राला शिकवण्यात घालवली. याला गुरुकुल म्हणायचे की वेड, ते वाचकांनी ठरवावे. पण विद्या कोणाची, या प्रश्नाला येथे एकच उत्तर आहे.

योगायोग पाहा. त्याच १९२८ साली जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी अकबर पदमसी यांनी १९६९ साली आपल्याला मिळालेल्या जवाहरलाल नेहरू फेलोशिपच्या पैशांतून मुंबईत एक कार्यशाळा उघडली. व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप हे तिचे नाव. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटवाले अशा वेगवेगळ्या मंडळींनी एकत्र यावे आणि एकमेकांची साधने हाताळून पाहावीत, हा हेतू. तरुण नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्याचे आपले पहिले प्रयोग केले ते तेथेच. पदमसींनी स्वतः १९७० साली 'सिझिजी' नावाचा एक चित्रपट केला. त्यात गोष्ट नाही, माणसे नाहीत, फक्त ठरवलेल्या नियमांनी वाढत जाणारे बिंदू आणि रेषा आहेत. त्या हलत्या केल्या राम मोहन यांनी. गणकयंत्र हाताशी नसताना, हाताने एकेक चित्र काढून केलेले हे काम. कोहेन तिकडे यंत्राला नियम शिकवायच्या तयारीत होता, तेव्हा मुंबईत एक चित्रकार नियमच कागदावर चालवून पाहत होता. १९७२ पर्यंत ही कार्यशाळा संपली. पैसा संपला की आपल्याकडच्या पुष्कळ चांगल्या गोष्टी संपतात, तशीच.

येथवरची कथा सरळ होती. आता वळण येते. आजचे यंत्र नियम सांगून शिकत नाही. ते नमुने पाहून शिकते. चित्र आणि त्याखालचा मजकूर अशा जोड्या त्याच्यापुढे ओतायच्या. चित्रावर मुद्दाम वाळू टाकावी तसे कण विखरायचे आणि ते पुसून मूळ चित्र पुन्हा काढायला त्याला लावायचे. असे अगणित वेळा केले की पुढे नुसत्या वाळूतूनही, 'समुद्रकाठी म्हातारा' एवढे म्हणताच, ते एक म्हातारा आणि एक समुद्र काढून देते. त्यासाठी नमुने किती लागतात? २०२२ साली लायन या नावाची एक यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात इंटरनेटवरच्या सुमारे ५८५ कोटी चित्रांचे पत्ते व त्यांचे मजकूर होते. त्या यादीतल्या चित्रांवर शिकून तयार झालेली यंत्रे आज जगभर वापरात आहेत. ज्यांची ही चित्रे, त्या कोट्यवधी माणसांना कोणी विचारले होते काय? नाही. गंडा कोणी बांधला नाही.

आपल्या महाभारतात एकलव्याची गोष्ट आहे. त्याने गुरूच्या संमतीवाचून विद्या घेतली, आणि त्याबद्दल त्याला अंगठा द्यावा लागला. या नव्या गोष्टीत शिष्याने विद्या तशीच संमतीवाचून घेतली आहे. पण अंगठा मात्र गुरूचा चालला आहे. पुस्तकांची मुखपृष्ठे, जाहिराती, कथांची चित्रे यांवर पोट भरणाऱ्या चित्रकारांना विचारून पाहा. जे काम करायला त्यांना दोन दिवस लागत, त्याची बरी-वाईट नक्कल मिनिटात मिळते, आणि ती नक्कल त्यांच्याच कामावर पोसलेली असते. अमेरिकेत काही चित्रकारांनी २०२३ साली या कारणावरून यंत्रवाल्या कंपन्यांवर फिर्यादही गुदरली.

२०१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज या लिलावघरात यंत्राने काढलेले एका काल्पनिक गृहस्थाचे चित्र विकले गेले. अंदाज होता ७ ते १० हजार डॉलरांचा; विकले गेले ते ४,३२,५०० डॉलरांना. ज्या फ्रेंच तरुणांनी ते विकायला आणले, त्यांनी यंत्राला चौदाव्या ते विसाव्या शतकांतली सुमारे १५,००० व्यक्तिचित्रे दाखवली होती. लिलावानंतर मोठी चर्चा झाली ती निराळीच. यंत्र चालवणारी लिखापढी बऱ्याच अंशी दुसऱ्याच एका तरुणाने करून सर्वांसाठी खुली ठेवली होती. तो बिचारा लिलावात कोठेच नव्हता. लग्नात आचारी उपाशी राहावा, तशातला प्रकार!

आता पुन्हा पाहुणचाराकडे येऊ, कारण कंपन्यांनी कलावंतांना आमंत्रणे धाडावीत यामागे हेही एक कारण आहे. घरावर बोट दाखवले जाऊ लागले की माणूस सत्यनारायण घालतो आणि आळीला जेवायला बोलावतो. सगळीच आमंत्रणे अशी असतात असे नव्हे. रफिक अनादोल हा इस्तंबूलचा कलावंत २०१६ साली गूगल कंपनीच्या अशा उपक्रमात राहिला, आणि त्यातून २०१७ साली त्याने इस्तंबूलच्या सॉल्ट संस्थेच्या संग्रहातील १७ लाख कागदपत्रे यंत्राकडून लावून घेऊन एक खोली उभी केली. प्रेक्षक त्या कागदपत्रांच्या मधोमध उभा राहतो. २०२२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचेच भिंतभर चित्र लागले. संग्रहालयाच्या स्वतःच्या संग्रहावर यंत्राने पाहिलेले जणू स्वप्नच ते. लोक तासन् तास पाहत बसत. कोणाला ते भव्य वाटले, कोणाला नुसती रंगीत लाट. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. दोन्ही ठिकाणी ज्यांचा संग्रह, तेच यजमान होते.

दुसरी बाजूही पाहा. ओपनएआय या कंपनीने २०२४ साली अलेक्झांडर रेबेन या शिल्पकाराला आपला पहिला निवासी कलावंत म्हणून बोलावले. त्याच वर्षी कंपनीचे 'सोरा' नावाचे, शब्दांवरून चलच्चित्र काढून देणारे यंत्र तयार होत होते, आणि ते तपासून पाहण्यासाठी सुमारे ३०० कलावंतांना आगाऊ प्रवेश दिला होता. नोव्हेंबर महिन्यात त्यांतल्या काहींनी बंड केले. आम्हांला मोबदला नाही, चुका मात्र आम्ही शोधून द्यायच्या, आणि वर कलावंत आमच्या पाठीशी आहेत असे कंपनी जगाला दाखवणार, अशी त्यांची तक्रार. त्यांनी त्या यंत्राचा दरवाजा काही तास सर्वांनाच उघडून दिला. कंपनीने तो लगेच बंद केला, आणि भाग घेणे ऐच्छिक होते असे सांगितले. दोन्ही बाजूंचे म्हणणे असे आहे. पाहुण्यालाच पंगत वाढायला लावले की केव्हातरी भांडे आपटणारच!

मग या मुक्कामांतून चांगले काही निघाले नाही काय? निघाले, आणि तेच सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

ॲना रिडलर ही इंग्रज चित्रकर्ती २०१८ साली हॉलंडमध्ये उत्रेख्त शहरी अशाच मुक्कामाला होती. ट्यूलिप फुलांचा हंगाम होता. तिने काय करावे? बाजारातून फुले आणावी, एकेकाचे छायाचित्र घ्यावे, आणि त्याखाली रंग, जात, पट्टे आहेत की नाहीत, हे आपल्या हाताने लिहावे. अशी १०,००० छायाचित्रे! वाटाणे सोलायला बसावे तशी ही बाई हंगामभर फुले टिपत बसली. आणि मग तेवढ्याच चित्रांवर तिने यंत्राला ट्यूलिप काढायला शिकवले. या फुलांच्या पाकळ्यांवरचे सुंदर पट्टे पूर्वी खरे म्हणजे एका विषाणूच्या रोगामुळे उमटत, आणि सतराव्या शतकात असल्याच पट्टेदार फुलांच्या कंदांवर हॉलंडमध्ये वेडा सट्टा झाला. १६३७ साली तो कोसळला. रिडलरने आपल्या यंत्राच्या फुलांवरचे पट्टे आजच्या बिटकॉइन या सट्ट्याच्या नाण्याच्या भावाला जोडून दिले. भाव चढला की पट्टे वाढतात. त्या १०,००० छायाचित्रांचेही तिने भिंतभर प्रदर्शन मांडले, खालच्या हस्ताक्षरासकट. यंत्र जेवले काय, ते प्रेक्षकाला डोळ्यांनी दिसावे म्हणून.

मूळचे चिनी वंशाचे, कॅनडातले कलावंत सौगवेन चुंग यांनी २०१५ पासून यंत्राच्या हाताबरोबर एकाच कागदावर चित्रे काढायला सुरुवात केली. पुढे त्यांनी यंत्राला शिकवले ते आपल्याच वर्षानुवर्षांच्या रेखाटनांवर. बेल लॅबोरेटरीजच्या पाहुण्यांत त्यांचेही नाव आहे. यंत्र चुकते, भलतीकडेच रेष ओढते, आणि मग चुंग त्या रेषेला सांभाळून घेतात. साथीदार घसरला तर गवई सावरून घेतो तसे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने त्यांचे असे काम २०२२ साली विकत घेतले.

आणि हॉली हर्नडन व मॅट ड्रायहर्स्ट हे जोडपे. त्यांनी २०२४ साली लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात यंत्राचे समूहगायन ऐकवले. त्यासाठी ब्रिटनभर फिरून त्यांनी १५ गायकवृंदांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. गाण्यांची वही खास या कामासाठी तयार केली. आणि त्या आवाजांचे पुढे काय व्हावे हे ठरवण्याचा हक्क गाणाऱ्यांकडे राहावा, म्हणून त्या संग्रहाचा विश्वस्तनिधीसारखा एक करार केला. गाणारे कोणी नामांकित नव्हते. गावोगावी हौसेने गाणारी मंडळी. त्यांना कोणीतरी येऊन विचारले, 'तुमचा आवाज यंत्राला द्याल का? आणि दिल्यावर त्याचे काय व्हावे?' वाचकहो, हाच तो गंडा. तोही बांधता येतो. बांधायची इच्छा मात्र पाहिजे.

रिडलर, चुंग, हर्नडन, आणि त्यांच्या आधीचा कोहेन, या सगळ्यांच्या कामांत एक धागा दिसतो. यंत्राला वाढलेले अन्न त्यांनी एकतर स्वतः रांधले होते, नाहीतर रांधणाऱ्याला विचारून आणले होते. म्हणून ते काम त्यांचे झाले. यंत्र कलावंत होऊ शकते का, या प्रश्नावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. आपल्यासारख्या साध्या माणसांनी त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा: याला जेवू कोणी घातले, आणि त्याला विचारले होते का?

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबातील मुलीला यंदा युरोपातून असेच तीन महिन्यांचे आमंत्रण आले. मुलगी चित्रकलेची पदवीधर, हात चांगला. घरात आनंद झाला आणि पाठोपाठ काळजीही. वडील म्हणाले, "नोकरी म्हणावी तर पगार नाही, शिक्षण म्हणावं तर परीक्षा नाही. नातेवाइकांना सांगायचं तरी काय?" आईचा प्रश्न एकच होता, "तिथं जेवणाचं काय?" मुलगी आम्हांला म्हणाली, "काका, तुम्ही ते पत्र एकदा वाचून बघा ना."

पत्र वाचले. भाषा गोड होती. आम्ही तिला म्हटले, आईचा प्रश्नच खरा आहे. फक्त तो थोडा मोठा करून तिकडे लिहून पाठव. तेथे जेवण कोणाचे? म्हणजे भाडे, विमानाचे तिकीट, आजारपणाचा विमा, रोजचा खर्च यांपैकी ते काय देतात? तू तेथे काढलेले चित्र कोणाच्या मालकीचे? तू यंत्राला जी रेखाटने दाखवशील, ती तू परत आल्यावर पुसली जातील की तुझ्यामागे तेथेच कामाला राहतील? ते यंत्र आधी कोणाच्या चित्रांवर शिकले आहे? आणि मुक्काम संपल्यावर 'हे मला आवडले नाही' असे चारचौघांत म्हणण्याची तुला मोकळीक आहे काय? या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर आनंदाने जा. पाचव्याचे उत्तर 'नाही' आले, तर तो पाहुणचार नसून जाहिरात आहे असे समज.

मुलीने पत्र पाठवले. चार प्रश्नांची उत्तरे चांगली आली. रेखाटनांबद्दलचे उत्तर जरा गुळमुळीत होते. त्यावर घरात चर्चा झाली, आणि तिने ठरवले की जायचे, पण जुनी वही न्यायची नाही. तेथे जाऊन जे नवे काढायचे, तेवढेच यंत्राला दाखवायचे, आणि तसे आधी कळवायचे. वडिलांनाही नातेवाइकांना सांगायला वाक्य सापडले: "मुलगी तीन महिने यंत्राला शिकवायला चालली आहे." आम्हांला ते आवडले. 'यंत्राकडे शिकायला' नव्हे, 'यंत्राला शिकवायला'.

दिवाळी अंकांच्या बाबतीत तरी आपल्याला हे कळायला अवघड जाऊ नये. १९४५ साली 'दीपावली' हे वार्षिक काढणाऱ्या दीनानाथ दलालांचे मुखपृष्ठ रस्त्यापलीकडच्या दुकानात टांगलेले असले तरी सहीवाचून ओळखू येई. ती रेषा आणि ते रंग एका माणसाच्या आयुष्यातून आलेले होते, आणि त्यांबद्दल त्या माणसाला मान मिळत होता. उद्याच्या दिवाळी अंकांतही चित्रे असतीलच. त्यांतली काही हाताची असतील, काही यंत्राची, काही दोघांच्या भागीदारीतली. त्यात वाईट काही नाही. फक्त फराळाचे ताट पुढे घेऊन अंक चाळताना प्रत्येक चित्राखालचे नाव वाचण्याची सवय घरातल्या मुलांना लावावी. नाव असेल तर बरे वाटेल. नाव नसेल तर मुलेच विचारतील, "बाबा, हे कोणी काढलं?" त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येणे, एवढीच या नव्या युगाकडून आमची माफक अपेक्षा आहे.

सर्व वाचकांना ही दीपावली सुखाची जावो.